गाडीनं कुठलं पाणी पिलंय?

माझी शाळा जांबोटीच्या पुढं, घर बेळगावात अनगोळला. जायला तीसेक किलोमीटर, यायला तेवढेच. अकरा वर्षं हा रस्ता मी स्कूटरवरून केला. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. हिवाळ्यात तर पिरनवाडी मागं पडली की धुकं आणि गार वारा, बरंच वाटतं. पण मिरगापासून पुढचे चार महिने खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला पाऊस कसा पडतो, ते तिकडं नोकरी केलेल्यालाच ठाऊक. २०२२ च्या जुलैत किणयेच्या अलीकडं ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणून टाकलेल्या तांबड्या चिखलावरून माझी स्कूटर घसरली. हाड मोडलं नाही, पण उजवा गुडघा दोन महिने वाकत नव्हता. मागच्या सीटवर त्या दिवशी सहकारी बाई नव्हत्या, एरवी असायच्या. ही गोष्ट मनातून जाईना. आता चारचाकी घ्यायची, असं मी अंथरुणातच ठरवलं.

पैसे म्हणाल तर सगळं धरून तीन लाख. त्यातले दीड लाख शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, बाकीचे भिशीचे आणि साठवलेले. एवढ्यात नवी गाडी येत नाही. त्यात कर्नाटकात गाडीवरचा आजीवन कर जबर आहे: पाच लाखांच्या आतल्या नव्या गाडीवर १३ टक्के, पाच ते दहा लाखांवर १४ टक्के, आणि त्या करावर पुन्हा उपकर. विमा, नोंदणी धरून आकडा कुठल्या कुठं जातो. जुनी घेणं ओघानंच आलं. छोटी, पेट्रोलची, कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल अशी.

आमच्याकडं जुनी गाडी शोधताना एक प्रश्न पडतो, तो पुण्या-बेंगळूरच्या माणसाला बहुधा पडत नसेल. तिन्ही बाजूंच्या गाड्या हाताशी असतात. बेळगावची केए २२, चिकोडीकडची केए २३, कोल्हापूरची एमएच ०९ आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याची जीए. माझं माहेर गडहिंग्लजकडं, नणंद म्हापशात. नातेवाईक तिन्हीकडं, त्यामुळं गाड्याही तिन्हीकडून सुचवल्या गेल्या. आणि किमती सारख्या नव्हत्या. त्याच सालाची, तेवढीच चाललेली गाडी गोव्यात आणि कोल्हापुरात बेळगावपेक्षा तीस-चाळीस हजारांनी स्वस्त सांगत होते. तीन लाखवाल्याला चाळीस हजार म्हणजे काय, ते सांगायला नको.

माझे यजमान उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहेत. क्रँकशाफ्टचं काम रोज हातातलं, त्यामुळं इंजिनाचं त्यांना कळतं. पण गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, हे ते स्वतःच म्हणाले आणि गोवावेशीजवळच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना सोबत घेतलं. मिस्त्री साठीच्या पुढचे. गाडीपाठी पाचशे रुपये आणि जायचा-यायचा चहा, एवढ्यावर ते आले. या सगळ्या व्यवहारातला सर्वात सार्थकी लागलेला खर्च तोच.

पहिली गाडी निपाणीच्या बाजूला हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात बघितली. एमएच ०९, पांढरी, चकचकीत. आत नवी सीट कव्हरं, नवं मॅटिंग, आणि दार उघडल्याबरोबर अत्तराचा घमघमाट. मला आवडली. मीटर ४२ हजारांचं. दुकानदार म्हणाला, "डॉक्टरांची गाडी हाय, बाई. नुसती दवाखाना ते घर." मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पुढच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. आपण खांद्यावरून घेतो तेवढा नव्हे, पार शेवटपर्यंत, रीळ संपेपर्यंत. शेवटचं वीतभर कापड वेगळ्याच रंगाचं निघालं. वर करडं, खाली मातकट, आणि मधे सरळ रेघ. आपल्या नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पूर उतरल्यावर राहते तशीच.

मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. सीट ज्या पट्ट्यांवर पुढंमागं सरकते, तिथले बोल्ट गंजलेले. साधारण वापरात तिथं पाणी पोचायचं कारणच नाही. मॅटिंगच्या खालचा फेल्ट बोटानं दाबला तर आतून बारीक, वाळलेली गाळमाती निघाली. डिकीत स्टेपनी काढली, तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात तीच माती. फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं तर पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. एका हेडलाईटच्या आत अर्ध्यापर्यंत पुसट डाग. पॉवर विंडो वर जाताना कण्हत होती. यजमानांनी इंजिन ऐकलं, ते ठणठणीत होतं. मिस्त्री त्यांना म्हणाले, "इंजिन काय ओ, खोलून पुसता येतं. वायरिंगमधलं पाणी कोण काढणार, सांगा की. आज चालतंय, सहा महिन्यांनी एकेक दिवा जाईल, मग सेन्सर जाईल. ह्या गाडीनं पाणी पिलंय."

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा एकदम फुगल्या, यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. कोल्हापुरात गल्ल्यांमध्ये गाड्या टपापर्यंत बुडाल्या. माणसं आणि जनावरं वाचवायची ती वेळ, गाड्यांकडं कोण बघणार. पण त्या गाड्यांचं पुढं काय झालं, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता. विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल तर गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि आहे त्या स्थितीत विकते. ती कोणीतरी घेतो, धुतो, सुकवतो, नवी कव्हरं चढवतो, आणि वर्षा-दीड वर्षानं ती हायवेवर पांढरीशुभ्र उभी राहते. आम्ही ती बघत होतो सप्टेंबर २०२२ मध्ये. पूर येऊन चौदा महिने झाले होते.

पुढं मी एक सवय लावून घेतली. गाडीचा नंबर मिळाला की कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ओळखीनं सर्व्हिसची नोंद काढायची. बहुतेक ठिकाणी नंबरावरून सांगतात. कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते, एवढं दिसलं तरी पुरतं. त्या डॉक्टरांच्या गाडीची शेवटची नोंद मार्च २०२१ ची निघाली आणि मीटर होतं ५८ हजार. आज ४२ हजार. मला रडू आलं नाही, राग आला. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या माणसाला असं फसवताना हात कसा धजतो?

दुसरी गाडी म्हापशाची. नणंदेच्या शेजाऱ्यांची, माणसं ओळखीची आणि सरळ, किंमत कमी, मीटर खरं. मला वाटलं, झालं आता. आम्ही मिस्त्रींना घेऊन चोर्ल्यातून उतरलो. ते गाडीखाली पाठीवर झोपले, बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटं बघत राहिले. बाहेर आले ते हाताला तांबूस भुगा लावूनच. समुद्राची खारी हवा आणि वर्षातले चार महिने पाऊस, यात तळ खालून पापडासारखा सुटत होता. मागच्या ॲक्सलला गंजाचे पापुद्रे, सायलेन्सरचा पाईप एका जागी बोट जाईल एवढा खाल्लेला. वरून रंग सुंदर. त्या काकूंना बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं. खाली कोण वाकून बघतो?

आणि गंज नसता तरी कागदांचा प्रश्न होताच. हे नीट सांगते, कारण सीमाभागात यात माणसं फार अडकतात. दुसऱ्या राज्याची गाडी आपल्याकडं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं इथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी तिकडच्या आरटीओकडून ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. मग इथं फॉर्म २७, गाडीची तपासणी आणि इथला आजीवन कर. गाडी जितकी जुनी तितका कराचा टक्का उतरतो, पण उतरून उतरून किती उतरणार. तिकडं भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी तिकडं खेपा घालाव्या लागतात. त्या स्वस्त गाडीवर हे सगळं चढवून मी वहीत बेरीज मांडली. बेळगावच्या गाडीशी फरक उरला जेमतेम सहा हजारांचा.

गडहिंग्लजच्या भावानं सोपा मार्ग सांगितला. "ताई, कोल्हापूरची घे, माझ्या नावावर राहू दे. कोण विचारतंय तुला? तुमच्या गल्लीत निम्म्या गाड्या एमएच आहेत." त्यानं मायेनंच सांगितलं. पण यजमानांनी एक गोष्ट काढली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तोच मालक. गाडी कोण वापरतं, विकली आहे की काय, हे नंतरचं. उद्या जांबोटीच्या रस्त्यावर माझ्या हातून काही झालं तर कोर्टाची नोटीस भावाच्या दारात जाईल. त्याचं घर, त्याची दोन लहान मुलं. मी त्याला नको म्हटलं. तो जरा रागावला, पण मग समजला.

तेव्हा केए २२ च. महाग तर महाग.

तिसरी गाडी हिंदवाडीत मिळाली, तीही यजमानांच्या मालकांच्या ओळखीनं. कॉलेजातून निवृत्त झालेले सर, वय ७२, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. २०१४ ची वॅगनआर व्हीएक्सआय, एकाच मालकाची, ६१ हजार ४०० किलोमीटर. आम्ही मुद्दाम पितृपक्षात गेलो. त्या पंधरवड्यात आपल्याकडं कोणी गाडी घेत नाही, मग विकणारा बोलायला तयार असतो. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. गाडी बघायची पितृपक्षात आणि आणायची नंतर, असं मी त्यांना कबूल केलं.

सरांना आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्याबरोबर मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. इंजिन गार असताना पहिल्या किल्लीला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, यातच निम्मं कळतं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबतच नाही, म्हणजे कूलंट आत जातंय. आमच्या गाडीला दोन्ही नव्हतं. ऑईलचं झाकण उघडून आतून बघितलं, लोण्यासारखा थर नव्हता. उभी असताना गाडी थोडी थरथरत होती, मला शंका आली. यजमान म्हणाले, ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, एवढं थरथरणारच. आणि या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ते चांगलं. ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. ऑईल मात्र वेळेवर हवं, नाहीतर चेन ढिली पडते.

सीटबेल्ट मी स्वतः शेवटपर्यंत ओढला, चारी. स्वच्छ. मॅटिंग उचललं, कोरडं. मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. डाव्या मागच्या दाराखाली एका जागी ते धरेना, म्हणजे तिथं पुट्टी. सरांनी लगेच सांगितलं, २०१९ ला फाटकाचा खांब लागला होता. लपवलं नाही, त्यामुळं माझा विश्वास बसला. टायरांवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर ३४१६. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सहा वर्षांचं, कडेला केसासारख्या भेगा. म्हणजे चारी टायर बदलायचे, हे किमतीत धरायला हवं.

चालवून बघायला आम्ही येळ्ळूरच्या बाजूनं राजहंसगडाच्या चढावर गेलो. शहरात गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. चढावर थांबून परत उचलताना क्लच कुठं धरतो ते कळतं. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर धरत होता. मिस्त्री म्हणाले, "वर्षभर जाईल, जास्त नाही." उतरताना ब्रेक सरळ लागले, गाडी बाजूला ओढली नाही. सरांनी २ लाख ९० हजार सांगितले होते. टायर, क्लच आणि पुट्टीचं मी मोकळेपणानं मांडलं. २ लाख ६८ हजारांना सौदा ठरला. पाच हजार इसार दिला, साध्या कागदावर लिहून घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या.

गाडी दसऱ्याला घरी येणार होती. आली नाही.

अडलं ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर. सरांनी २०१४ ला कर्जावर गाडी घेतली, २०१७ ला कर्ज फेडलं, बँकेचं पत्र फाईलला लावलं आणि विसरले. पण पत्र मिळालं म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरला असं नाही. ते पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. पाच वर्षांपूर्वीचं पत्र आता चालेना, नवं आणा म्हणाले. आणि ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. शाखा बदललेली, जुनं खातं शोधायला वेळ. ७२ वर्षांचे सर तीनदा शाखेत गेले, दोनदा मी बरोबर होते. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर घातला असता तर ही नोंद मला आधीच दिसली असती. मी विमा कधीपर्यंत आहे ते बघितलं, कर भरलाय ते बघितलं, आणि बोजाची ओळ वाचलीच नाही. गाडी बघायला जायच्या आधी वाचायची ती ओळ आहे.

खंडेनवमीला बेळगावात गल्लोगल्ली गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या, चाकांखाली लिंबं. मी स्कूटरची पूजा केली. अकरा वर्षं तिनं नेलं-आणलं होतं, तिला तरी तेवढं मिळायलाच हवं होतं.

बोजा उतरला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मग फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं कळवायचं ते २९, घेणाऱ्यानं अर्ज करायचा तो ३०, तीस दिवसांच्या आत. सह्या आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हव्यात. डोळ्यांमुळं सरांची सही थोडी बदलली होती, म्हणून ते स्वतः आले. तिथल्या खिडकीवर कन्नडमध्ये विचारलं की माझी अजून धांदल उडते, पण सर अस्खलित बोलतात. त्यांनीच सगळं पार पाडलं. सरकारी फी शेकड्यांतली आहे. एजंटनं आम्हाला साडेतीन हजार सांगितले होते. वेळ असेल आणि विकणारा बरोबर येत असेल तर स्वतः करण्यासारखं काम आहे.

२६ ऑक्टोबरला, पाडव्याला, गाडी अनगोळला आली. २ लाख ३८ हजार दिले, २५ हजार नवी आरसी हातात येईपर्यंत मागं ठेवले. हे सौद्यातच बोललो होतो, त्यामुळं कोणाला वाईट वाटलं नाही. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही घातली, सकाळी १० वाजून २० मिनिटं. त्याआधीचा दंड, अपघात सरांचा, नंतरचा माझा. डिसेंबरात स्मार्ट कार्ड टपालानं आलं. मी त्याच संध्याकाळी उरलेले पैसे घेऊन हिंदवाडीला गेले. सरांच्या बायकोनं करंज्या केल्या होत्या.

विम्याचं दोन ओळींत सांगते. चालू विमा असला तरी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला कंपनीला कळवावं लागतं. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्यांचा असतो. सरांचा ५० टक्के होता, तो गेल्यावर फरकाचे पैसे मी भरले. हे मी हिशोबात धरलं नव्हतं.

फास्टॅगचंही तसंच झालं. नोव्हेंबरात अंबाबाईला गेलो, कोगनोळीच्या नाक्यावर टोल कापला गेला आणि मेसेज गेला सरांना. काचेवरचा टॅग त्यांच्या खात्याचा होता, तो बंद करून आपला घ्यायचा, हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पैसे द्यायला गेले तर घेईनात.

पहिल्या वर्षात गाडीवर किती गेले ते वहीत आहे. चार टायर १४ हजार ६००. बॅटरी ४ हजार २००. क्लच मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणं दहा महिन्यांत गेला, मजुरीसकट ७ हजार १००. ऑईल, फिल्टर, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड मिळून साडेसहा हजार. तळाला गंजरोधक थर ३ हजार. सगळे ३५ हजार ४००. म्हणजे गाडी २ लाख ६८ ची नव्हे, तीन लाखांच्या वर गेली. ज्यांचं बजेट माझ्यासारखं काठावरचं असेल त्यांनी किमतीचा आठवा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात गाडी शोधावी, असं मला कळकळीनं वाटतं. नाहीतर माणूस गुळगुळीत टायरांवर पावसाळा काढतो.

रोज आम्ही चौघी जातो. पेट्रोलचे पैसे चौघींत. पहिली दोन वर्षं लिटरला सतरा किलोमीटरच्या आसपास पडायचे. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, वहीतला आकडा सोळाच्या खाली आलाय. ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचंही असतं, शेतकऱ्याचं भलं होत असेल तर मला ते हवंच आहे. पण २०१४ ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हिसला पेट्रोलचे रबरी पाईप बघायला सांगते.

उंदरांनी पहिल्याच थंडीत एक वायर कुरतडली. यावर उपाय निपाणीच्या सहकारी बाईंनी आणला: तंबाखूची पानं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूचा व्यापार. सुती पुरचुंडीत बांधून बॅटरीच्या बाजूला ठेवायची, सायलेन्सरकडच्या तापणाऱ्या बाजूला अजिबात नाही. दोन महिन्यांनी बदलायची. तेव्हापासून वायर शाबूत आहे.

पावसाळ्यात दर शनिवारी चाकांच्या कमानीतली तांबडी माती पाईपनं काढते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजतात. काडीनं मोकळी करते. हे मिस्त्रींनी शिकवलं. म्हापशाची ती गाडी बघितल्यापासून मी वर्षातून दोनदा गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून तळ स्वतः बघते. पहिल्यांदा उतरले तेव्हा तिथली पोरं बघत राहिली. आता कोणी बघत नाही.

मीटर आज १ लाख ४ हजारांवर आहे. यंदा जूनमध्ये डाव्या मागच्या दाराखाली, जिथं चुंबक धरलं नव्हतं तिथंच, रंगाला रुपयाएवढा फुगा आला. मिस्त्री म्हणाले, पुट्टीच्या आत पाणी शिरलंय, आता भर पावसात खरवडू नका, वाळणार नाही. गणपती झाल्यावर आणा. तोवर वर मेणाचा हात देऊन ठेवलाय आणि रोज शाळेत पोचले की बोटानं दाबून बघते, वाढला का.